वालाचा बरीटो



भात झोडून झालं, पेंढाही रचून झाला. आता शेतात जी ओल आहे तिच्यावर वाल टोकायचा की नाही, हा दरवर्षीचा प्रश्न. यंदा मी नाही म्हणून ठरवून टाकलं होतं. भात निघालं की गुरं मोकाट सुटतात, आजूबाजूला आता कुणी वाल करत नाही, मग माझ्या एकट्याच्या तुकड्यावर दिवसभर राखण कोण करणार? आणि पिकवून घरात खातंय कोण? बिरडं केलं की पोरं नाक मुरडतात. मी आणि आई, दोघांसाठी किती करायचं.

त्यात गेल्या रविवारी आमच्या पोरीने काढलं, "पप्पा, आज मी बरीटो करणार. तयार काही आणायचं नाही, सगळं घरीच." ती तारापूर एमआयडीसीत नोकरीला आहे, तिथल्या मैत्रिणींबरोबर कुठेतरी खाल्ला होता. बरीटो म्हणजे मेक्सिकोची भरलेली पोळी. आत भात, शिजवून चेचलेला राजमा, मिरची, टोमॅटो, आणि वरून घट्ट वळकटी. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ छोटं गाढव. हे ऐकून आई म्हणाली, "मग मला नको गं बाई."

मी म्हटलं, आपण तांदूळवाले, तांदळाच्या भाकरीत गुंडाळ. उकड काढून चांगली मऊ भाकरी केली, पण भरून दुमडली की मधोमध फाटली. दोन वाया गेल्या, कोंबड्यांची चंगळ झाली. तांदळात ग्लुटेन नसतं, ताण धरणार कोण? मग अर्धा मैदा, अर्धं गव्हाचं पीठ, दोन वाट्यांना तीन चमचे तेल, मीठ आणि गरम पाणी. मळून अर्धा तास झाकून ठेवलं. ही विश्रांती चुकवू नका, नाहीतर लाटताना पोळी मागे मागे येते. तवा चांगला तापवून दोन्ही बाजूंनी झटपट भाजायची आणि लगेच फडक्यात झाकायची. जास्त भाजली की पापड.

मेक्सिकोत बऱ्याच भागात भाकरी मक्याची असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात. त्याने साल सुटतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. पण बरीटो उत्तरेकडचा, सोनोरा वगैरे गहू पिकवणाऱ्या भागातला. सोनोरा हे नाव जुन्या कृषी अधिकाऱ्यांना ओळखीचं वाटेल. डॉ. बोरलॉग यांनी तिथेच बुटक्या गव्हावर काम केलं. १९६६ साली आपण मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आणलं, त्यात लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ होतं. दाणा लाल, आपल्या लोकांना पोळी पिवळसर लागते. मग दिल्लीच्या पुसा संस्थेत डॉ. स्वामिनाथन यांच्या मंडळींनी सोनोराच्या बियाण्यावर किरणांचा मारा करून शरबती सोनोरा काढला. म्हणजे आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ ला सुरू झालं, त्याच्या आधीच हे किरण आपल्या पोळीपर्यंत पोचले होते!

बाकी सामान पण तिकडचंच. मिरची, टोमॅटो, मका, राजमा, अगदी आपला घोलवडचा चिकूसुद्धा. १७३९ पर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते, मिरची आणली ती त्यांनीच. ढोबळी मिरची तर माझ्या शेडनेटमध्येच होती. परवा व्यापाऱ्याने किलोला १२ रुपये लावले. तोडणी आणि गाडीभाडं जाऊन काय राहतं ते तुम्हाला माहीत आहे. एक क्रेट घरीच ठेवला होता, त्यातली सहा चुलीत भाजली, साल काढून लांब चिरली. टोमॅटो, लसूण पण भाजून पाट्यावर जाडसर वाटलं, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. भात जुन्या तांदळाचा घ्या, नव्याचा गोळा होतो. दह्याचा चक्का घातला.

अडलं राजम्यावर. घरात नव्हता आणि बोईसरला कोण जाणार. आईने शुक्रवारी भिजत घातलेल्या कडव्या वालाला छान मोड आले होते. तिने न बोलता सोलायला घेतले. मोड आणून सोलले की कडूपणा बराच जातो. लसूण आणि मीठ घालून शिजवले, चेचले, तेल-जिऱ्यावर कोरडे होईपर्यंत परतले. हे कोरडं करणं महत्त्वाचं, पाणी राहिलं की पोळी खालून भिजते.

भरायचं थोडं कमीच. दोन्ही कडा आत, मग गुंडाळी, आणि जोड खाली ठेवून तव्यावर शेकायचा.

धाकट्याने दोन खाल्ले, तिसरा अर्धा बहिणीच्या ताटातून. म्हणाला, "राजमा भारी झालाय." कुणी काही बोललं नाही. आई हसली तेव्हा त्याला कळलं. मग मलाच विचारतो, "पप्पा, वाल अजून किती आहे?"

खाण्याचा संपला होता. डब्यात दोन पायली होता तो बियाण्याचा. यंदा टोकणार नसलो तर तोही भिजवून संपवायचा, असं हिने आधीच सांगून ठेवलं होतं.

काल घरामागच्या दहा गुंठ्यांत टोकला. ओटीवरून दिसतो, म्हणजे गुरं आली तर आई हाकारेल. चुडातांच्या मधे, एका जागी दोन दाणे. ओल चार बोटं खाली आहे, उगवायला हरकत नाही. दव पडायला लागलंय.

हे घरचं बी बरंच जुनं आहे, शेंगा एकदम तयार होत नाहीत. दापोली विद्यापीठाचा कोकण वाल कुणी केला असेल तर सांगा, आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीला तुम्ही काय केलं तेही. बी असेल तर पायलीभर द्या, बदल्यात ढोबळी न्या. ती भरपूर आहे.