कोरा रकाना

यंदा वहीपूजनानंतर पगाराची नोंदवही चाळताना एका नावाशी थबकलो. अकरा महिने त्या नावापुढील रकमेचा रकाना कोरा होता.

ती शिवाजी विद्यापीठाची वाणिज्य पदवीधर. २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, तेही शासनाकडून थेट बँक खात्यात. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत ती आली तेव्हा “फुकटचे माणूस मिळाले” असे मी घरी बोललोही होतो.

जीएसटी ती पुस्तकात शिकली होती. पण जॉबवर्कला गेलेल्या कास्टिंगचे चलन परत आलेल्या मालाशी कसे जुळवावे, हे तिला ठाऊक नव्हते. एकदा ई-वे बिलात गाडीचा एक अंक चुकला आणि टेम्पो कागलजवळ अडला. ती रडली. मुनीमजी रागावले नाहीत. शेजारी बसवून सारे पुन्हा भरून घेतले. आठव्या महिन्यात वाहतूकदारांनी दुबार लावलेली बिले तीच पकडू लागली.

योजनेची मुदत आधी सहा महिन्यांची, पुढे पाच महिन्यांनी वाढली. ती संपताच मी १२,००० देऊ केले. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्याने तिला १९,००० सांगितले होते. मला संताप आला. शिकवायचे आम्ही आणि फळ दुसऱ्याने खायचे!

बाबांनी एवढेच विचारले, “खर्च किती आला तुला?” मी मुनीमजींचा वेळ सांगितला, टेम्पोचा दंड सांगितला. “आणि तिने वाचवलेले पैसे?” मी गप्प झालो. बाबा शाहूपुरीच्या गूळपेठेत तीन वर्षे बिनपगारी नामे शिकले. चौथ्या वर्षी शेजारच्या अडतीने बोलावले, तेव्हा शेठजींनी उच्चारलेला ‘कृतघ्न’ हा शब्द त्यांना साठ वर्षांनीही बोचतो.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’मध्ये म्हटले आहे की, जी विद्या कोणत्याही पेढीत चालते, तिची किंमत शिकणाराच कमी पगार घेऊन चुकवतो, मग तिचे फळही त्याचेच. आमच्या बाबतीत तर पगारही शासनाचा होता. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’चा आपण अभिमान बाळगतो; मी मात्र ‘तुम्ही शिका, कमाई आमची’ असा त्याचा अर्थ लावून बसलो होतो.

ती गेली. परवा तिथून तिने मुनीमजींना फोन केला, एक चलन जुळत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, तशी त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि वीस मिनिटे तिला समजावून सांगत राहिले.