सुई टोचतोच आहोत, तर…

एक गोष्ट मला अजून खटकते. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन हे औषध सुरू असलेल्या रुग्णाचं रक्त पांढऱ्या पेशी मोजायला घेतात, सुरुवातीला तर दर आठवड्याला. पण ज्या औषधापायी हा खटाटोप, ते रक्तात किती आहे हे सहसा कुणी पाहत नाही. पेशी मोजायला कारण आहे. १९७५मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि अनेक ठिकाणी ते मागे घेतलं गेलं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावर ते चालतं हे १९८८च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं, तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर ते परतलं. रुग्णाचा जीव जाऊ नये म्हणून ही अट आहे. डोस लागू पडतोय का, हे तिच्यातून कळत नाही.

ते कळायला औषधाची पातळीच मोजावी लागते, कारण तेवढ्याच मिलिग्रॅममधून प्रत्येकाच्या रक्तात निरनिराळी पातळी उतरते. क्लोझापिनचा गुण साधारणपणे मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या पुढे दिसू लागतो; १०००च्या वर गेलं की फिट येण्याची भीती वाढते. आशियाई माणसांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी डोस पुरतो, ताप आला तर पातळी चढते, आणि बिडीने ती उतरते. बिडीच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर निकालात काढतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. म्हणून मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळणाऱ्या माणसाला हा हिशेब लागू नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयात बिडीविना बसवलेला डोस साताऱ्याकडच्या खंडाळ्याला परतल्यावर बिडीचं बंडल सुरू झालं की अपुरा पडू शकतो. उलट खोकल्यापायी बिडी सुटली, तर त्याच गोळ्यांवर पातळी दीडपट होऊ शकते. मग माणूस दिवसभर झोपतो, उशी लाळेने भिजते, आणि घरचे म्हणतात, आजार वाढला.

आजार उसळला की पहिला आळ रुग्णावर येतो: गोळ्या थुंकत असणार. कधी ते खरंही असतं. लंडनमधल्या २०१८च्या एका अभ्यासात उपचारांना दाद न देणारे म्हणून पाठवलेल्या ९९ रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांशांच्या रक्तात औषध पुरेसं नव्हतं. त्यातल्याही एकतृतीयांशांच्याच रक्तात ते मुळीच सापडलं नाही. उरलेल्यांच्या रक्तात औषध होतं, पण कमी. म्हणजे नुसत्या आळावर डोस वाढवणं किंवा नुसत्या भरवशावर औषध बदलणं, दोन्ही अंधारातच.

यावर डॉक्टर म्हणतील, आम्ही आकड्यावर नाही, माणसावर उपचार करतो. मान्य. रुग्ण बरा असेल तर ३००चा आकडा पाहून डोस वाढवायला कुणी सांगत नाही. सगळ्याच औषधांत पातळी आणि गुण यांचं नातं इतकं स्पष्ट नसतं, त्यामुळे सरसकट तपासणीचा आग्रह मी धरणार नाही. पण क्लोझापिनपुरता तो धरायलाच हवा. खर्चाचा आक्षेप याहून खरा आहे: ही तपासणी मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांतच होते. तरी रक्त तिथे पाठवता येतं, रुग्णाला जावं लागत नाही. खरी गफलत वेळेत होते. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळच्या गोळीआधी रक्त घ्यायचं असतं. खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याच्या सिव्हिल रुग्णालयात जायचं म्हणून घरच्यांनी पहाटे चहाबरोबर गोळी दिली, तर आकडा फुगतो. केसपेपरवर मराठीत एक ओळ लिहिली तरी हे टळेल: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, मग सकाळची गोळी.

एवढं म्हणूनही एक शंका मला सोडत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला उपचारांच्या निर्णयात स्थान देतो, आणि हा आकडा मात्र घरच्यांच्या हाती पुरावा म्हणून पडू शकतो: बघा, खोटं बोलतोय. तसं होणार असेल तर तपासणी नको, असंही मला कधी कधी वाटतं. निदान आकडा आधी रुग्णाला सांगावा, त्याने बिडी वाढवली का हे त्यालाच विचारावं, आणि मगच डोसला हात लावावा.