सिरक्यातली मिरची

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार मोठा. तिथली मिरची ट्रक भरभरून परराज्यात जाते. आमच्या घरी मात्र ती अम्मीच्या पदरातून यायची. अम्मी तोडणीला जायची, मजुरी किलोवर. भाव पडला, तोडणीचाही खर्च निघेना, की मळेवाला म्हणायचा, "न्या बाई, लागेल तेवढी."

अशा दिवसांत सिरक्याची बरणी भरायची. सिरका नानीच्या हातचा. गुऱ्हाळावरून आणलेला उसाचा रस ती मडक्यात ओती, जुना सिरका विरजणासारखा पेलाभर घाली आणि मडके उन्हात ठेवी. तोंडावर झाकण नाही, फडके. रसाची आधी दारू होते, मग जिवाणू हवेच्या मदतीने तिचा सिरका करतात. हवा कोंडली तर काम अर्धवट राहते. हे मला कॉलेजात कळले. नानीला फडके पुरे होते. एकदा शेजारच्या चाची मडक्याचा वास घेऊन "तौबा" म्हणाल्या. नानी म्हणाली, "दो महिने बाद सूँघ." दारूचा आपोआप सिरका झाला की तो हलाल, हे तिला पक्के ठाऊक होते.

मिरची धुऊन फडक्यावर कोरडी करायची. देठ काढायचे, चीर द्यायची. लसूण, मीठ घालून काचेच्या बरणीत भरायची आणि वर बुडेल इतका सिरका. एकही मिरची वर तरंगता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. पितळेचे भांडे चालत नाही, आंबटाने कळकते. दोन-तीन आठवड्यांनी मिरची मऊ पडली, हिरवा रंग उतरून शेवाळी झाला, की पाट्यावर वाटायची आणि त्याच सिरक्यात सैल करायची. बाजारातल्या बाटलीतला सॉस पिठूळ लागतो. हा पातळ, पण खिचडीवर चार थेंब पडले की कानशिले तापत.

अम्मी स्वतः तो कधी खात नसे. "दिनभर हातां से खाई मैं मिरची, अब मुँह से काय कू खाऊँ?" रात्री तिच्या बोटांची आग पाण्याने जात नसे. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. ती हातांना गोडेतेल चोळून, ते अंगापासून दूर धरून झोपे. लहान भाऊ कुशीत शिरू लागला की त्याला माझ्याकडे सरकवी. झोपेत तिचा हात त्याच्या डोळ्याला लागला असता.

आता ती तोडणीला जात नाही, गुडघे साथ देत नाहीत. मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या बायकांनी हाच सॉस बाटल्यांत भरून विकायचे ठरवले. मी वहीत हिशेब मांडला : मिरची, ऊस, लसूण, मीठ, बाटल्या, रिक्षाभाडे. अम्मीला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला. मग विचारले, "और तोडनेवाली का कित्ता धरी?"

मी म्हटले, ते मिरचीच्या भावातच आले.

"अलग लिख," ती म्हणाली.