एक हात कठड्याचा

घर किती स्वच्छ आहे ते दिवाणखान्यावरून ठरवू नये, जिन्याच्या कोपऱ्यावरून ठरवावे, असे आमच्या आईचे मत होते. कोणाकडे गेली की ती काही तरी निमित्त काढून माडीवर जाई आणि उतरताना पायरीच्या कोपऱ्यातून हळूच बोट फिरवी. आम्हां मुलांना त्याची भारी लाज वाटे. आता आमच्या रत्नागिरीच्या घरी कोणी पाहुणा माडीवर चढू लागला, की मीच धास्तावतो.

आमचा जिना १७ पायऱ्यांचा. फणसाच्या लाकडाचा, आणि आजोबांच्या काटकसरीमुळे भलताच अरुंद. पायरी जेमतेम नऊ इंच. घर जांभ्याचे, अंगण तांबड्या मातीचे. पावसाळ्यात पायांबरोबर आलेला चिखल आश्विनात वाळतो, त्याचे पीठ होते आणि ते पीठ प्रत्येक पायरीच्या दोन्ही कोपऱ्यांत जाऊन बसते. १७ पायऱ्यांचे ३४ कोपरे. झाडायला येणाऱ्या बाईंनी जिन्याला पहिल्याच दिवशी आपले गुडघे दाखवले होते. तेव्हा हे ३४ कोपरे वर्षानुवर्षे आमची हीच केरसुणीने झाडत आली.

तीन वर्षांपूर्वी तिला दमा असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी औषधाचा पंप दिला आणि धुळीपासून दूर राहायला सांगितले. दिवाळी तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो ही नाकाला पदर बांधून बाराव्या पायरीवर!

पुण्याच्या चिरंजीवांना हे कळताच त्यांनी एक यंत्र धाडून दिले. चपटे, वाटोळे, भाकरीच्या तव्याएवढे. आपले आपण घरभर फिरते आणि केर गिळते. माडीवर सोडले तर खाटेखालूनसुद्धा धूळ काढून आणी. पण त्याच्या पोटाखाली डोळे असतात. पुढे जमीन नाही असे दिसले की ते जागच्या जागी वळते. जिन्याच्या तोंडाशी यावे, क्षणभर थबकावे आणि पाठ फिरवावी, असा त्याचा नेम.

"शहाणे आहे हो," ही म्हणाली. "जिना दिसला की वळते. अगदी घरातल्या पुरुषांसारखे!"

मी ३० वर्षे मुलांना यंत्रांचे आराखडे काढायला शिकवले. हे बोलणे मला लागले. जिना झाडणारे यंत्र मी करून दाखवीन, अशी मी जेवणाच्या पानावरच प्रतिज्ञा केली.

अशा वेळी शिकलेला माणूस करतो तेच मी केले. आधी पुस्तके काढून बसलो. धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोठी मौज आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियराने एक यंत्र पाहिले. ते वाऱ्याच्या झोताने धूळ उडवीत असे, ओढीत नसे. धूळ ओढता येईल का हे पाहण्यासाठी बूथसाहेबांनी एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास आत घेतला. साहेबांना ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटलेली दिसली! मग त्यांनी यंत्र केले ते घोड्याच्या गाडीवरचे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात जात. १९०२ च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच स्वच्छ केले.

दुसरा गृहस्थ जेम्स मरे स्पँग्लर. हा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानाची झाडलोट करी, आणि त्याला दमा होता. झाडताना जीव कासावीस होई. १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून हातात धरता येईल असे यंत्र उभे केले. १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. ते हूव्हर नावाच्या चामडी मालाच्या कारखानदाराने घेतले आणि पुढे त्याचेच नाव जगभर झाले.

दमा आणि उशीचा अभ्रा! मला वाटले, स्पँग्लर आपल्यासाठीच जन्माला आला. जुन्या मिक्सरची मोटर, पत्र्याचा पंखा, राम आळीतून आणलेला डबा, नळी आणि आमच्याच उशीचा अभ्रा एवढ्या सामग्रीवर महिनाभरात माझे यंत्र तयार झाले. नऊ इंचांच्या पायरीवर बसावे म्हणून त्याची बैठक मी आठ इंचांची ठेवली होती. कागदावर सारे चोख होते.

उद्घाटनाला ही हजर होती. पाचव्या पायरीपर्यंत ठीक चालले. मग मोटरीच्या थरथरीने डबा इंच-इंच सरकत कडेला आला आणि गडगडत खाली गेला. तेही मी हसण्यावारी नेले असते. पण अभ्र्याच्या विणीतून बारीक तांबडी धूळ केव्हापासून बाहेर पडत होती, ते त्या गोंगाटात माझ्या ध्यानातच आले नव्हते. केरसुणीने जी धूळ पायरीवरच राहिली असती, ती मी हवेत उडवली होती. हिला जी धाप लागली ती थांबेना. तासभर ती ओटीवर बसून होती, एका हातात पंप, दुसरा हात माझ्या मनगटावर. त्या तासाबद्दल मी अधिक लिहीत नाही.

रात्री ती म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही हा जिना कधी झाडलाय?"

मी आठवून पाहिले. ह्या जिन्यावर मी रांगलो, घसरलो, लग्नात मुंडावळ्या बांधून उतरलो. झाडला मात्र एकदाही नव्हता.

"मग आधी पंधरा दिवस झाडा. यंत्राचे नंतर पाहू."

आणि मी नाकाला रुमाल बांधून झाडू लागलो. पहिल्याच दिवशी कळले, की जिना वरून खाली झाडायचा असतो, आणि तोंड पायऱ्यांकडे ठेवून मागे मागे उतरत झाडायचा असतो. तिसऱ्या दिवशी तोल गेला तेव्हा कळले, की जिन्यावर माणसाला दोन हात नसतातच. एक हात कठड्याचा असतो. माझ्या यंत्राला एक हात नळीला, एक डब्याला आणि तिसरा वायर आवरायला लागत होता. वायर खालून लावली की ती नेमकी पायांत येते. वरून लावली, तर झाडून झालेल्या पायऱ्यांवर पडून राहते. हे सगळे हिला पाठ होते. मी कधी विचारले नव्हते, एवढेच.

पंधरा दिवसांनी बूथसाहेबांची घोडागाडी मला निराळीच दिसू लागली. इतके दिवस मी तिला हसत होतो. पण त्या गाडीचा मोठा गुण म्हणजे ती घराबाहेर उभी राही. ओझे, आवाज आणि फुटलेली धूळ सारे बाहेर! परदेशात आता काही घरांत मोटर तळघरात ठेवून भिंतीतून नळ्या खेळवतात, तेही त्याच वंशातले. मी मोटर उचलली आणि माडीच्या सज्जात पक्की बसवली. तिथून २० फुटांची नळी जिन्यात सोडली. लांब नळीत हवेचा जोर मरतो, म्हणून नळी जाड घेतली. हातात राहिले फक्त तिचे तोंड.

त्या तोंडाने मात्र मला छळले. यंत्र धूळ ओढते असे आपण म्हणतो. खरे म्हणजे पंखा आतली हवा बाहेर फेकतो, ती जागा भरायला बाहेरची हवा धावत येते आणि येताना धूळ उचलून आणते. तोंड रुंद ठेवले तर हवा संथ येते. फार निमुळते केले तर हवाच पुरी पडत नाही आणि मोटर तापते. घासून-कापून नवव्या खेपेला जमले. माप घेतले तर ते बरोबर बोटाएवढे होते. आईची आठवण झाली.

एवढे करूनही कोपऱ्याच्या अगदी तळाशी चिमूटभर धूळ राहीच. मी दहावे तोंड कापायला बसलो, तेव्हा ही म्हणाली, "कोपरा आहे म्हणून धूळ बसते ना? मग कोपराच बुजवला तर?"

सुताराने ३४ त्रिकोणी तुकडे दोन दिवसांत ठोकून दिले. पुढे वाचनात आले, की १८९० च्या सुमारास अमेरिकेत जिन्याच्या कोपऱ्यांत बसवायला असेच पितळी तुकडे विकत मिळत. ते मी हिला सांगितले. "असतील, तिथेही बायकाच झाडत असतील," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

दमा गेला नाही. तो असा जात नाही. पण पंपाची गरज आता पूर्वीपेक्षा कमी लागते. कारण यंत्र की जिन्यावरची बदललेली पाळी, हे डॉक्टरांना विचारायचे मी टाळतो. दर सकाळी, एक हात कठड्याला लावून, मी मागे मागे १७ पायऱ्या उतरतो.

गेल्या लक्ष्मीपूजनाला हिने नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले. मग सज्जात जाऊन मोटरीला वाहिले. मी जवळच उभा होतो. माझी अपेक्षा तिच्या ध्यानात आली असावी. माझ्याही कपाळाला तिने बोट टेकवले आणि म्हणाली,

"अकराव्या पायरीचा डावा कोपरा राहिलाय."