मतदानाच्या नोंदीवरून उदारमतवाद मोजताना

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या कलमातील पाचव्या विभागात एक छोटी तरतूद आहे. सभागृहात हजर असलेल्यांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली, तर एखाद्या प्रश्नावर कोण बाजूने होते आणि कोण विरोधात, हे नावानिशी कामकाजाच्या नोंदवहीत लिहावे लागते. १७८९ साली भरलेल्या पहिल्या काँग्रेसपासून ही नावे साठत आली आहेत. भाषणात दोन्ही बाजूंना गोंजारता येते, जाहीरनाम्यात मोघम लिहिता येते. नोंदवलेल्या मतात तसे करता येत नाही. म्हणून एखादा राजकारणी कितपत उदारमतवादी आहे हे ठरवायचे झाले की अभ्यासक, पत्रकार आणि विरोधी उमेदवाराचे प्रचारक असे तिघेही याच नोंदीकडे वळतात. उदारमतवादी म्हणजे येथे अमेरिकी राजकारणातल्या अर्थाने: कल्याणकारी योजनांवर सरकारी खर्च, वरच्या उत्पन्नावर अधिक कर, नागरी हक्कांना कायद्याचे संरक्षण, गर्भपातासारख्या बाबतीत व्यक्तीचा निर्णय अंतिम, अशा भूमिकांकडे कल असलेला.

ही नोंद मोठी असली तरी पूर्ण नाही. पुष्कळ कामकाज आवाजी मतदानाने किंवा सर्वसंमतीने उरकते आणि त्यात कोणाचेच नाव उमटत नाही. १९७०पर्यंत प्रतिनिधिगृहात महत्त्वाच्या दुरुस्त्यांवर सदस्य मोजणीदारांसमोरून रांगेने जात. मोजले जाई ते डोके, नाव नव्हे. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने अशा मतदानातही नावे नोंदवण्याची सोय केली आणि जानेवारी १९७३मध्ये इलेक्ट्रॉनिक मतदान सुरू झाले. त्यानंतर नोंदवलेल्या मतदानांची संख्या झपाट्याने वाढली. १९६० आणि १९८० या सालांतल्या प्रतिनिधींची तुलना करताना हे विसरून चालत नाही, कारण दोघांना एकाच प्रकारच्या परीक्षेला बसवलेले नसते.

सर्वांत सोपी मोजणी दबावगटांची. ‘अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक अ‍ॅक्शन’ ही संस्था १९४७ साली स्थापन झाली. एलिनॉर रूझवेल्ट, ह्यूबर्ट हम्फ्री, पुढे भारतात राजदूत म्हणून आलेले अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ ही मंडळी तिच्या संस्थापकांत होती. ही संस्था वर्षभरातली वीस मतदाने निवडते, प्रत्येक ‘योग्य’ मताला पाच गुण देते आणि शंभरपैकी बेरीज करून ‘उदारमतवादाचा गुणांक’ जाहीर करते. उजव्या बाजूला ‘अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह युनियन’ हेच काम उलट्या दिशेने करते. या पद्धतीचे गुण कोणालाही तपासता येतात, हा तिचा मोठा फायदा. मात्र गैरहजेरी चुकीच्या उत्तरासारखीच धरली जाते. वीसपैकी बारा मतदानांना हजर राहून बाराही वेळा संस्थेच्या बाजूने मत देणाऱ्याला साठ गुण मिळतात; वीसही वेळा हजर राहून आठ वेळा विरोधात जाणाऱ्यालाही साठच. आजारी पडलेला कट्टर उदारमतवादी आणि ठणठणीत मध्यममार्गी एकाच जागी येऊन बसतात.

दुसरा दोष अधिक खोल आहे. १९९२ साली जेम्स स्नायडर यांनी दाखवून दिले की दबावगट स्वाभाविकपणे अटीतटीची मतदाने निवडतात, म्हणजे जेथे सभागृह जवळपास मधोमध दुभंगते ती. अशी वीस मतदाने घेतली की मध्यापासून थोडे डावीकडे असलेलेही शंभराच्या आसपास पोहोचतात आणि थोडे उजवीकडे असलेले शून्याकडे घसरतात. मधल्या छटा पुसल्या जातात. गुणपत्रिकेत सभागृह जितके दोन टोकांना विभागलेले दिसते, तितके ते प्रत्यक्षात नसूही शकते.

या आकड्यांचा राजकीय उपयोग कसा होतो, हे दोन अध्यक्षीय निवडणुकांत ठळकपणे दिसले. ‘नॅशनल जर्नल’ हे वॉशिंग्टनमधले साप्ताहिक १९८०च्या दशकापासून आर्थिक, सामाजिक आणि परराष्ट्र अशा तीन विषयांतल्या निवडक मतदानांवरून सदस्यांची क्रमवारी लावत असे. २००३च्या मतदानांवरून त्याने जॉन केरी यांना सर्वांत उदारमतवादी सिनेटर ठरवले. २००७च्या मतदानांवरून तो क्रमांक बराक ओबामांना मिळाला. दोघेही त्या त्या वेळी उमेदवारीसाठी देशभर फिरत होते आणि सिनेटमध्ये फारसे नव्हते. साप्ताहिकाने २००३साठी निवडलेल्या ६२ मतदानांपैकी ३७ मतदानांना केरी गैरहजर होते. २००७च्या ९९पैकी ६६ मतदानांत ओबामांनी भाग घेतला आणि त्यातल्या ६५ वेळा उदारमतवादी बाजू घेतली. येथे गैरहजेरीला शिक्षा नव्हती. चुकलेली मतदाने सरळ हिशेबाबाहेर जात होती. परिणाम मात्र उलटा झाला. प्रचारात गुंतलेला सिनेटर वॉशिंग्टनला धावत परततो तो आपल्या पक्षाला एकेक मत हवे असते तेव्हा, आणि अशा वेळी तो पक्षाबरोबरच उभा राहतो. ज्या मतदानांत त्याने पक्षापासून फारकत घेतली असती, नेमकी ती गळतात. २००७साठी ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना एकत्रित गुणांकच मिळाला नाही, कारण त्यांची मते पुरेशी नव्हती. त्यामुळे २००८च्या प्रचारात एका उमेदवाराच्या कपाळी शिक्का होता आणि दुसऱ्याचे कपाळ कोरे.

केरींच्या प्रकरणावर जोशुआ क्लिंटन, सायमन जॅकमन आणि डग रिव्हर्स या तीन अभ्यासकांनी २००४मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. त्यांचा मुद्दा साधा आणि महत्त्वाचा होता: क्रमांकाबरोबर अनिश्चितता सांगितली पाहिजे. ज्याची निम्म्याहून अधिक मते नाहीत, त्याच्या जागेचा अंदाज सैलच राहणार. इतर अनेक सिनेटरांना मागे टाकून केरी पहिलेच, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्या नोंदीत नव्हता. निवडणूक सर्वेक्षणाचा आकडा छापताना त्रुटीची मर्यादा छापण्याचा संकेत आहे. खासदाराची प्रतिमा ठरवणाऱ्या आकड्याला तो लागू न करणे अन्यायाचे आहे.

मतदाने निवडण्याचा प्रश्नच टाळणारी पद्धत कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथाल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठात विकसित केली. तिचे नाव ‘नॉमिनेट’. तिच्यात विधेयकाचा विषय कोणी वाचत नाही आणि योग्य-अयोग्यही कोणी ठरवत नाही. जवळजवळ सगळी नोंदवलेली मतदाने घेतली जातात. फक्त एकतर्फी, म्हणजे अल्पमत अडीच टक्क्यांहूनही कमी असलेली, वगळली जातात. मग प्रत्येक सदस्याला एका रेषेवर अशी जागा दिली जाते, की वारंवार एकत्र मत देणारे जवळ यावेत आणि वारंवार विरुद्ध जाणारे दूर. प्रत्येक मतदान ही रेषा एका बिंदूवर कापते: एका बाजूचे बहुतेक ‘हो’, दुसऱ्या बाजूचे बहुतेक ‘नाही’. ‘बहुतेक’ हा शब्द कळीचा आहे. सगळे सदस्य दर वेळी अचूक आपापल्या बाजूला राहिले असते, तर केवळ क्रम कळला असता, अंतर नव्हे. छेदबिंदूच्या जवळचे सदस्य अधूनमधून पलीकडे जातात, दूरचे क्वचित. या चुकांच्या प्रमाणावरूनच कोण कोणापासून किती लांब आहे याचा अंदाज निघतो. प्रचलित रूपात हे माप उणे एक ते अधिक एक असते आणि उणे बाजू उदारमतवादी धरली जाते. दिशा अभ्यासक ठरवतो. गणिताला फक्त संगत कळते.

या संगतीतून निघालेले चित्र थक्क करणारे आहे. दोन शतकांहून अधिक काळातली बहुतांश मते एकाच रेषेने समजावता येतात, आणि अलीकडच्या दशकांत तर नव्वद टक्क्यांच्या आसपास. या मापाने ओबामांची सिनेटमधली जागा उदारमतवादी गटात होती, पण पहिली नव्हती.

तरीही संगतीवरून हेतू कळत नाही. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रतिनिधिगृहात पायाभूत सुविधांचे मोठे विधेयक २२८ विरुद्ध २०६ मतांनी संमत झाले. तेरा रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिले आणि सहा डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधात: अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ, इल्हान ओमर, अयाना प्रेस्ली, रशिदा त्लैब, कोरी बुश आणि जमाल बोमन. बहुसंख्य रिपब्लिकनांना खर्च नको होता. या सहा जणांची तक्रार वेगळी होती: सामाजिक कल्याण व हवामानविषयक दुसरे, त्याहून मोठे विधेयक सोबत मंजूर होत नसताना हे एकटे पुढे रेटू नये, कारण मग त्या दुसऱ्याला कोणी वाली राहणार नाही. नोंदीत मात्र दोन्ही गटांचे ‘नाही’ सारखेच. अशी मते साठत गेली की एका रेषेवरचे गणित असे समजते की ही मंडळी अधूनमधून उजवीकडे झुकतात, आणि त्यांना डेमोक्रॅट पक्षाच्या मध्याकडे सरकवते. ओकासिओ-कॉर्टेझ यांचे नॉमिनेटमधले स्थान म्हणूनच त्यांच्या अनेक सौम्य सहकाऱ्यांपेक्षा मवाळ दिसते. दोन टोके मिळून मध्याविरुद्ध मत देतात हे मान्य करणारी नवी प्रारूपे अलीकडे पुढे आली आहेत, पण वर्तमानपत्रांत छापले जातात ते बहुधा जुनेच आकडे.

सिनेटच्या कार्यपद्धतीतला एक नियमही असाच फसवतो. १७ एप्रिल २०१३ रोजी बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीची व्याप्ती वाढवणारी मँचिन-टूमी दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ अशी अडली. संमतीला ६० मते हवी होती. विरोधातल्या ४६मध्ये बहुमत पक्षाचे नेते हॅरी रीड यांचे नाव आहे. रीड दुरुस्तीच्या बाजूचे होते. पण हरलेल्या बाजूने मत दिलेल्या सदस्याला फेरविचाराचा प्रस्ताव मांडता येत नाही, म्हणून हार दिसताच नेता आपले मत फिरवतो. विषय पुन्हा आणण्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी दिलेले ते ‘नाही’ पाच वर्षांनी नोंदवही उघडून वाचणाऱ्याला बंदूकवाल्यांच्या बाजूचे वाटेल. ऑक्टोबर २००३मध्ये इराक आणि अफगाणिस्तानसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या निधीवर केरींनी विरोधी मत दिले, तेही असेच संदर्भासहित वाचावे लागते. श्रीमंतांची करसवलत कमी करून हा पैसा उभा करावा, अशी दुरुस्ती त्यांनी जो बायडेन यांच्यासोबत आणली होती. ती पडली, मग त्यांनी मूळ विधेयकाला नकार दिला. हे त्यांनी प्रचारात एका वाक्यात सांगायला जाताच ते वाक्य त्यांच्यावरच उलटले.

एक रेषा पुरत नाही अशीही माणसे असतात. आर्कान्सॉचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष म्हणून १९६६मध्ये व्हिएतनाम युद्धाची जाहीर चौकशी घडवून आणली. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आजही भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकेत नेते. याच फुलब्राइटांनी १९५६मध्ये शाळांतल्या वर्णविभाजनाच्या बाजूने काढलेल्या दक्षिणी जाहीरनाम्यावर सही केली आणि १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले. सिनेटमध्ये तो कायदा ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. ३३पैकी २७ रिपब्लिकन बाजूने होते, ६७पैकी २१ डेमोक्रॅट विरोधात. पक्षाची किंवा अर्थकारणाची रेषा घेऊन हे मतदान उलगडत नाही. पूल आणि रोझेंथाल यांना त्या काळासाठी वंशाच्या प्रश्नाची दुसरी मिती म्हणूनच जोडावी लागली. फुलब्राइटांना सरासरी काढून ‘मध्यममार्गी’ म्हणणे म्हणजे त्यांच्या दोन्ही भूमिका, चांगली आणि वाईट, एकदम लपवणे.

कोणते प्रश्न मतदानाला येतात, हेही प्रत्येक मापात आधीच शिरलेले असते. बहुमत पक्षाचे नेतृत्व आपल्यात फूट पाडणारी विधेयके सभागृहात येऊच देत नाही. जे मत कधी मागितलेच गेले नाही, ते कोणत्याही गुणपत्रिकेत नसते. त्यामुळे सहप्रस्तावक म्हणून केलेल्या सह्या, समितीतली कामगिरी आणि भाषणे यांची जोड दिल्याशिवाय गंभीर अभ्यासक कोणाही एका सदस्याविषयी निकाल देत नाहीत. शेकडो सदस्यांचे एकत्रित चित्र आणि पक्षांमधले वाढते अंतर दाखवायला मात्र मतदानाची नोंद अजूनही सर्वांत भक्कम साधन आहे.

हे साधन भारतात तसेच्या तसे चालत नाही. बेळगावात वाढलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार २०२३पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. त्यांचे प्रत्येक नोंदवलेले मत त्यांच्या नावावर जमा होते आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून त्यांची जागा जात नाही. बेळगावच्या लोकसभा सदस्याची गोष्ट वेगळी. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. किहोटो होलोहान खटल्याच्या १९९२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिशिष्ट वैध ठरवतानाच ही शिक्षा विश्वासदर्शक मतदान आणि पक्षाच्या मूलभूत धोरणाचे प्रश्न यांपुरती असावी असे सुचवले, तरी पक्षादेश सर्रास निघतात. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि मतविभागणी क्वचितच होते. अशा नोंदीवर नॉमिनेट चालवले तर त्यातून पक्ष आणि आघाड्या यांची जागा निघेल, सदस्यांची निघणार नाही. भारतीय खासदाराचा उदारमतवाद शोधायचा असेल तर त्याने विचारलेले प्रश्न, मांडलेली खासगी विधेयके आणि स्थायी समित्यांच्या अहवालांना जोडलेल्या भिन्नमतपत्रिका वाचाव्या लागतात. या तिन्हींची नोंद संसदेत नावानिशी ठेवली जाते.