रिमोटची नाडीपरीक्षा

टीव्हीचा रिमोट बिघडला की घरोघरी उपचार एकच. आधी तळहातावर दोन थपडा, मग सेल जागच्या जागी गोल फिरवणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर सेल काढून उन्हात! हसू नका, या झाडपाल्याच्या औषधात थोडे शास्त्रही आहे. सेल फिरवला की टोकावरचा गंज खरवडला जातो आणि वीज पुन्हा वाहते. उन्हाच्या उबेने मरगळलेल्या सेलला घटकाभर तरतरी येते. पण नाडी न पाहता दिलेले औषध कितीसे पुरणार?

नाडी पाहायला सायन्सला जावे लागत नाही. रिमोटच्या टोकाचा इवला दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात पाहावा. लुकलुकला, तर दोष बहुधा टीव्हीकडे. मोटारीच्या किल्लीचा रिमोट मात्र रेडिओ लहरींवर चालतो. तिथे ही परीक्षा लागू नाही.

सगळीच बटणे मुकी असतील तर आधी नवे सेल घालावेत. तरीही मुकीच राहिली, तर स्प्रिंगवरचा पांढरट-हिरवट थर पॉलिशपेपरने घासावा. (१९५६ साली अमेरिकेत निघालेल्या झेनिथच्या ‘स्पेस कमांड’ला हा रोगच नव्हता. त्यात सेलच नसत. बटण दाबले की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि कानाला न ऐकू येणारा तो नाद टीव्ही ओळखे.) एखादेच बटण मुके असेल, तर दुखणे आतल्या रबराचे.

आमच्या आजीच्या रिमोटचे हेच दुखणे होते. आवाज वाढवायचे बटण मुके झाले. जे सर्वांत जास्त राबते तेच आधी झिजते. काका म्हणाले, “शे-दीडशेत नवा येतो, टाकून द्या तो.” हिशेब बरोबर होता. पण आजीला अक्षरओळख नाही. लाल बटणापासून तीन बोटे खाली आवाज, त्याच्या उजवीकडे तिची मालिका, अशी बोटांनी पाठ केलेली तिची बाराखडी त्या रिमोटवर होती. नव्यावर जागा बदलल्या असत्या, आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारण्यापेक्षा दुसऱ्यांनी लावलेले मुकाट्याने पाहत बसणे तिने पत्करले असते.

स्क्रू नव्हतेच. सांध्यात प्लॅस्टिकचे जुने कार्ड सरकवून रिमोट उघडला. रबर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवले, आतली पट्टी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. त्या बटणाखालचा काळा कार्बनचा ठिपका पार झिजला होता. चित्रकलेची मऊ शिशाची पेन्सिल त्यावर घासली. शिशाची म्हणतात, पण ते असते ग्राफाइट. त्यातून वीज वाहते.

आजी शेजारीच बसली होती. “ह्ये कालेजात शिकवत्यात व्हय गं?”

“नाही आजी, तिथं कविता शिकवतात.”

टीव्हीचा आवाज वाढला तशी ती म्हणाली, “मंजी पेन्सलीनंच बोलाया लागलं म्हण की!”

ही डागडुजी फार दिवस टिकत नाही. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा घासावे लागते. रिमोट अजूनही मीच उघडते. पेन्सिल मात्र आता आजी धरते.