पांगाऱ्याची मान

माझा सगळा जन्म सागवानात गेला. मुरगूडच्या पंचक्रोशीत माझ्या हातच्या चौकटी आहेत, देव्हारे आहेत, आणि दुसऱ्या कुणाच्या नक्षीशेजारी माझी दिसली की आजही छाती फुगते. आता उजव्या अंगठ्यात जोर उरला नाही, पटाशी सागात शिरत नाही. म्हणून मऊ पांगारा जवळ केला. फोंडा घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो आणि ठाकर आदिवासींच्या कळसूत्री बाहुल्या पाहून आलो, आणि तशीच एक रामाची कोरायला घेतली.

तेव्हापासून एका मानेनं झोप उडवली आहे.

नाक, डोळे, ओठ यांचं काही नाही, ते हातातच आहेत. पण बाहुली दोरीला टांगली की जमिनीकडे बघते. भोक कानापुढं सरकवलं की हनुवटी वर जाते, राम उर्मट दिसतो. डोकं आतून पोखरलं तर हलकं होऊन गिरक्या घेतं. पुन्हा नवा तुकडा, पुन्हा तेच.

ठाकरांकडे कोरणारा आणि नाचवणारा एकाच घरातला. पुढं रामायणात ही बाहुली काय बोलणार, कुणापुढं वाकणार, हे पहिला घाव घालायच्या आधीच त्याला ठाऊक असतं. मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी कोरत आलो. तो दोरी धरणाऱ्या बोटांसाठी कोरतो. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला तरी देवळातला खेळ, त्यातली गाणी, बापाकडून लेकाकडे आलेलं पाठांतर टिकलं, ते या बोटांमुळं. जमातीनं आपलं देवाधर्माचं, नात्यागोत्याचं शहाणपण असं लाकडात जपलं.

पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरचा सन्मान झाल्यासारखं वाटलं. पण शोभेच्या बाहुल्यांचा बाजार मला सोसत नाही. मशीनवर कापलेली, व्हार्निशनं चकाकणारी ती बाहुली दिवाणखान्यात खिळ्याला लटकते. तिची मान कशीही असली तरी चालतं, कारण तिला कुणाला काही सांगायचंच नसतं.

माझ्या बाहुलीची मान अजून खालीच आहे. ती मी सरळ करीन. पण नुसती मान सरळ करून भागणार नाही, खेळ बघायला माणसं बसली पाहिजेत. नवरात्रात ऑर्केस्ट्रा ठरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे: एक रात्र पिंगुळीच्या ठाकरांना द्या, आणि आख्यान संपेपर्यंत उठू नका.